क्लाय म्हणजे लांब

श्रावण तिथेही होता. फक्त त्याला तिथे कुणी श्रावण म्हणत नव्हते.

उथाई थानी प्रांताच्या त्या सखल, सजल, सस्यश्यामल मुलखावर तो रोज दुपारी उतरे. आधी पश्चिमेच्या डोंगरांवर नीलकृष्ण मेघमाला जमे, मग वारा ओला होई, मग भाताच्या खाचरांवरून उन्हाचा एक पट्टा आणि सरींचा एक पट्टा पाठशिवणी खेळत निघून जात. हिरवे, हिरवे आणि पुन्हा हिरवे. कोवळ्या रोपांचे पोपटी हिरवे, बांधावरच्या गवताचे गर्द हिरवे, ताडांच्या माथ्यांवरचे काळपट हिरवे. पाण्यात उलटे पडलेले आकाशही जरासे हिरवेच दिसे. बघणाऱ्याने किती बघावे, असे ते दिवस होते.

आणि बघणारी बाई दमलेली होती.

हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण कुंदा खानविलकर ते स्वतः कुणाला सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. तेहतीस वर्षे चिपळूणच्या शाळेत फळ्यासमोर उभ्या राहून त्या दमल्या होत्या. निवृत्तीनंतर दोन वर्षे रिकाम्या घरात बसून त्याहून जास्त दमल्या होत्या. त्या बसण्याला कंटाळून त्यांनी एका स्वयंसेवी संस्थेचा अर्ज भरला, आणि साठाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, थायलंडातल्या बान थुंगफा नावाच्या खेड्यात मुलांना इंग्रजी शिकवायला आल्या. मोठ्या उत्साहाने आल्या. पण तो उत्साह मे महिन्यातला होता आणि आता ऑगस्ट लागला होता.

चिपळूणला त्या नुसत्या ‘बाई’ होत्या. इथे शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणत. हा आपलाच गुरू, परगावी जाऊन जरा आखडलेला, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखले आणि त्यांना बरे वाटले. नावाचे मात्र जमले नाही. ‘खुन’ हा तिथला मानाचा शब्द, आपल्या ‘श्रीमती’सारखा. तेव्हा ‘कुंदा’ हे नाव ऐकून साऱ्या शाळेने असे समजून घेतले, की नाव आहे नुसते ‘दा’, आणि पुढचा मान बाईंनी स्वतःच स्वतःला लावून घेतला आहे. मुलांनी सौजन्याने तो काढून टाकला. बाई ‘ख्रू दा’ झाल्या आणि अर्धे नाव घेऊन राहू लागल्या.

सण येत होते, सण जात होते. जूनमधल्या एका गुरुवारी गुरुवंदना झाली. मुले गुडघ्यांवर सरकत आली, नतमस्तक, श्वेतवस्त्र, शेकडो काळ्याभोर डोक्यांची एक लाट. त्यांच्या तबकांत तांबड्या फुलांचे झुबके होते, वांग्याची जांभळी फुले होती, आणि दूर्वा होत्या. दूर्वा! बाईंनी ती हिरवी जुडी हातात घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. जुलैत भिक्षूंचा चातुर्मास बसला. पुरुषभर उंचीची पिवळी मेणबत्ती ढोलांच्या गजरात विहाराकडे निघाली, सुवर्णवर्ण, पुष्पवेष्टित, डुलत डुलत. बाईही मिरवणुकीत चालल्या, हात जोडत राहिल्या, गाल दुखेपर्यंत हसत राहिल्या. हे सारे सुंदर आहे हे त्यांना कळत होते. पण संध्याकाळी खोलीवर आल्या की पाय ठणकत आणि ते सुंदर कुणाला सांगावे, हा प्रश्न पडे.

सांगायला केतकी होती. एकुलती एक लेक, सात वर्षांपासून कॅनडात, हॅलिफॅक्सला. दर रविवारी संध्याकाळी ती मोबाइलच्या पडद्यावर पाच मिनिटे उमटे, तिकडची सकाळ अंगावर घेऊन, केस विंचरता विंचरता, डबा भरता भरता. बाई मेणबत्तीचे सांगू लागत. मेणबत्ती विहाराशी पोचायच्या आत केतकीला निघायचे असे.

“अगं आई, मी काय लांब आहे का? ही काय, जवळच तर आहे!” असे ती म्हणे, आणि पडदा काळा होई.

जवळच. किती गोड, किती गुळगुळीत, किती गोंडस शब्द! सात वर्षे बाई त्या शब्दावर काढत होत्या आणि आता त्यांना त्याचा वीट आला होता. केतकीवर त्यांचा राग नव्हता. तिला तिची कामे होती, तिचे बर्फ होते, तिची धावपळ होती. बाईंचे मागणे फार थोडे होते. लांब असेल तर लांब म्हणावे. मग माणूस आपली चटई अंथरून त्या लांबपणात पडून तरी राहतो. पण लांब असून जवळ म्हणायचे, आणि ऐकणारीने दर रविवारी त्यावर मान डोलवायची, याने त्या थकून गेल्या होत्या.

त्यांच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. नाव फोन. थाई भाषेत फोन म्हणजे पाऊस. हे कळेपर्यंत पंधरा दिवस फार हाल झाले. दारातून कुणी “फोन!” अशी हाक मारली की बाई धडपडत पर्स उघडत, आणि समोर ही मुलगी उभी असे, ओल्या चपला हातात घेऊन, भिवयांपर्यंत कापलेल्या केसांखालून टुकुटुकु बघत. वर्ग हसे. फोनही हसे. ती हसली की पुढच्या पडलेल्या दाताची खिडकी दिसे आणि बाईंनाही हसू येई.

फोनची आई तैवानला एका कारखान्यात कामाला होती. जाऊन दोन वर्षे झाली होती, करार तीन वर्षांचा होता. फोन आजीपाशी राही. आईच्या आईला तिथे ‘याय’ म्हणतात. याय म्हणजे काटकुळी, विड्याने ओठ रंगलेली, दिवसभर खाचरात वाकलेली एक म्हातारी, जी रस्त्याने जाणाऱ्या ख्रूला बघून वाकलेल्या अवस्थेतच हात जोडत असे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत मातृदिन असतो. फिकट निळ्या झालरी लागतात. आया ओळीने खुर्च्यांवर बसतात, मुले गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापुढे येतात, मोगऱ्याचा हार हातात देतात आणि आईच्या मांडीवर डोके टेकतात. मग सगळ्या आया रडतात, सगळी मुले रडतात, शिक्षकही रडतात आणि कुणालाच त्याची लाज वाटत नाही. आईला तिथे ‘मॅ’ म्हणतात. हीसुद्धा आपल्याच ‘माय’ची कुणीतरी लागते, असे बाईंना वाटे.

त्याच्या आठवडाभर आधी एक दुपार झाली, आणि जे व्हायचे ते त्या दुपारी झाले.

बाहेर सर येऊन गेली होती. पागोळ्या गळत होत्या, वर्गात गोंदाचा वास होता आणि मुले हार ओवायचा सराव म्हणून कागदाची पांढरी फुले करत होती. फोन उठून भिंतीवरच्या जगाच्या नकाशापाशी गेली. चवड्यांवर उभी राहून तिने एक बोट थायलंडवर ठेवले, दुसऱ्या हाताचे बोट तैवानवर ठेवले, आणि दोन्ही बोटांकडे बराच वेळ बघत राहिली. मध्ये थोडासा निळा समुद्र होता.

“ख्रू, हे क्लाय आहे का?”

क्लाय म्हणजे लांब. हा शब्द बाईंना येत होता. उत्तरही येत होते. नेहमीच्या ख्रूने तिच्या केसांवरून हात फिरवला असता, “मॅ तुझ्या मनात आहे बाळा” असे काहीतरी म्हटले असते. ते बाईंच्याही ओठांवर आले. मग त्यांना रविवार आठवला, काळा होणारा पडदा आठवला, आणि त्यांनी मनाशी ठरवले की नाही, या पोरीला आपण गुळगुळीत काही सांगायचे नाही. हिला खरे सांगायचे. हिला कुणीतरी खरे सांगायलाच हवे.

त्या खाली वाकल्या. फोनच्या डोळ्यांत बघून, सगळा जीव एकवटून, ठामपणे म्हणाल्या, “क्लाय. फार फार क्लाय.”

आणि इथेच घात झाला. थाई भाषेत शब्दाला अक्षरांखेरीज एक चालही असते. क्लाय सपाट म्हटले, ताणून धरलेल्या दोरीसारखे, तर ते लांब. तेच क्लाय वरून खाली सोडले तर ते जवळ. अक्षरे तीच, जीभ तीच, ओठ तेच. बाईंच्या वहीत दोन्ही शब्द देवनागरीत हुबेहूब सारखे लिहिले होते, पुढे पेन्सिलीने दोन बारीक रेघा, एक आडवी, एक उतरती. वहीत ते सोपे होते. पण मराठी माणूस खरे बोलताना आवाज खाली टाकतो. जितके खरे तितका खाली. बाईंनी आयुष्यात इतके खरे क्वचित सांगितले असेल. त्यांचा आवाज डोंगरावरून दगड सुटावा तसा खाली आला.

बाईंनी लांब म्हटले. फोनने जवळ ऐकले. फार फार जवळ.

तिचा चेहरा उजळला. दाताची खिडकी उघडली, हात जोडले गेले, आणि ती उड्या मारत आपल्या जागेवर गेली. बाई थक्क झाल्या. खरे किती शहाणपणाने घेतात ही मुले, असे त्यांना वाटले. आपणच त्यांना उगीच कापसात गुंडाळून ठेवतो. त्या दिवशी बाई खोलीवर गेल्या तेव्हा किती दिवसांनी पाय दुखत नव्हते. त्यांनी आमटीला फोडणी दिली, दोन घास जास्त जेवल्या.

ते सात दिवस फोन गुणगुणत होती. कागदाची फुले सोडून तिने खरा मोगरा मागितला. यायच्या दारातल्या झाडाच्या कळ्या ती रोज मोजी आणि कुणाला तोडू देत नसे. वर्गात तिने एकीला सांगितले, मग दुसरीला सांगितले. मॅ जवळ आली आहे. ख्रूंनी सांगितले. फार फार जवळ आली आहे. ख्रूचा शब्द तिथे मोठा असतो. कुणी शंका घेतली नाही.

मातृदिनाची सकाळ धुतलेली, स्वच्छ, सोनसळी उजाडली. पत्र्याच्या मंडपात निळ्या झालरी हलत होत्या. आया आल्या, आज्या आल्या, मावश्या आल्या, ठेवणीतली रेशमी लुगडी नेसून, पावडर लावून. खुर्च्या भरत गेल्या. मोगऱ्याचा दरवळ इतका दाट झाला की बाईंना क्षणभर आपल्या देव्हाऱ्यापुढे उभ्या असल्यासारखे वाटले. त्या मुलांच्या ओळी लावत होत्या, दमलेल्या, घामेजलेल्या, हसऱ्या. तिसऱ्या ओळीत एक खुर्ची रिकामी होती.

ख्रू रत्तना लगबगीने आल्या. दुसरीच्या वर्गाच्या मुख्य शिक्षिका, मोडकेतोडके इंग्रजी बोलणाऱ्या, बाईंशी सख्ख्या बहिणीसारख्या वागणाऱ्या.

“ख्रू दा, तुम्ही फोनला काय सांगितलंत? ती फाटकाशी उभी आहे. आतच येत नाही. मॅ जवळ आलीय म्हणते, तुम्ही सांगितलंत म्हणते. आजीला सुद्धा येऊ दिलं नाही तिनं. मॅ येणार, तुझे गुडघे दुखतात, तू कशाला, असं म्हणून तिला शेतावर धाडली.”

“मी?” बाई म्हणाल्या. “मी तर तिला लांब म्हणून सांगितलं. चांगलं ठासून सांगितलं.”

“कसं सांगितलंत? म्हणा बघू.”

बाईंनी म्हणून दाखवले. ठासून.

रत्तना हसल्या. त्या मुलखात माणसे हसण्यासारखे काही नसतानाही हसतात. समोरच्याची लाज झाकायला ओढलेला तो पदर असतो. तीन महिन्यांत बाईंना एवढे कळले होते. त्या हसण्यानेच त्यांना सारे कळले.

“हे जवळ झालं, ख्रू दा,” रत्तना हळूच म्हणाल्या. “राहू दे. मी समजावते तिला.”

मंडपातला सुगंध, झालरी, ध्वनिक्षेपकाची खरखर, सारे एकाएकी दूर गेले. सात वर्षे ज्या शब्दाने त्यांना जाळले, तोच शब्द त्यांनी एका आठ वर्षांच्या पोरीच्या पदरात घातला होता. केतकी निदान पाच मिनिटांत पडदा तरी बंद करी. ही पोर सात दिवस कळ्या मोजत बसली होती.

“नको,” त्या म्हणाल्या. “मीच बोलले आहे. मीच सांगते.”

फाटकापर्यंतची वाट पन्नास पावलांची. खडीची, ओली, दोन्ही बाजूंना तुळतुळीत पानांची झुडपे. बाईंनी ती पन्नास पावले चालताना तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला. क्लाय. क्लाय. क्लाय. कुठला कुठला ते त्यांना आता काहीच उमगेना. जी जीभ तेहतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका सुधारत आली, तिची त्यांना भीती वाटू लागली.

फोन फाटकाच्या गजांना नाक लावून उभी होती. पांढरा सदरा, निळा परकर, पायमोजे वर ओढलेले. ओंजळीत हार होता. वेडावाकडा ओवलेला, एकीकडे दाट, एकीकडे विरळ, पण सगळा खऱ्या कळ्यांचा. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना भात होते, आणि रस्त्यावर कुणी नव्हते.

बाई तिच्याशेजारी खडीवर गुडघे टेकून बसल्या. गुडघ्यातून कळ गेली. त्यांनी नकाशा आठवला, दोन बोटे आठवली, आणि म्हणाल्या, “फोन. तुझी मॅ... क्लाय.”

आवाज खाली गेला. पुन्हा खाली गेला.

“हो ख्रू!” फोन आनंदाने म्हणाली, आणि रस्त्याकडे वळली.

बाईंनी तिचा दंड धरला. मान हलवली. पुन्हा म्हणाल्या. या वेळी भीतीने आवाज वर गेला, आणि ते लांबही झाले नाही, जवळही झाले नाही. तो कुठलाच शब्द नव्हता. फोन खुदकन हसली. वर्गात हसे तशीच. ख्रू दा पुन्हा अडकल्या, एवढेच तिला वाटले. तिने हार मनगटावर अडकवला, शिकवणाऱ्या माणसाने करावा तसा चेहरा केला, आणि उजवा हात वर उचलून झपकन खाली सोडला.

“क्लाय,” ती म्हणाली. जवळ.

मग तोच हात तिने हवेत आडवा धरला आणि पाण्यावरून फिरवावा तसा संथ, सपाट, दूरवर नेला.

“क्लाऽय.” लांब. “ख्रू, तुम्हाला कुठला हवाय?”

मंडपात कुणाचे तरी नाव पुकारले गेले. वारा आला, भातावरून हिरवी शिरशिरी गेली. बाईंना वाटले, न बोलता उठावे. आत जावे, त्या रिकाम्या खुर्चीवर आपणच बसावे, या पोरीचे डोके मांडीवर घ्यावे, सगळे रडतील, आपणही रडू, छायाचित्र निघेल. सोपे होते ते. गोड होते. पण पोर वाट बघतच राहिली असती. उद्याही, परवाही, याच फाटकाशी.

त्यांनी आपला हात उचलला. सुरकुतलेला, निळ्या शिरांचा, तेहतीस वर्षांच्या खडूने खडबडीत झालेला हात. त्यांनी तो हवेत आडवा धरला आणि आडवाच ठेवला.

फोनने त्या हाताकडे पाहिले. मग बाईंच्या तोंडाकडे पाहिले. मग पुन्हा हाताकडे पाहिले. तिचे हसू गेले नाही, फक्त थांबले, विसरल्यासारखे.

“क्लाऽय?” तिने विचारले. सपाट.

“क्लाय,” बाई म्हणाल्या.

“नाही ख्रू. शेवटी जरा पडला.” तिचा आवाज बारीक झाला होता. “खाली नाही सोडायचा. धरून ठेवायचा. क्लाऽय.”

“क्लाऽय.”

“अजून एकदा.”

बाईंनी श्वास घेतला. तो शब्द त्यांनी दोन्ही हातांनी धरावा तसा धरला. केतकीचे हॅलिफॅक्स त्यात होते, तैवानचा कारखाना त्यात होता, चिपळूणचे बंद घर त्यात होते. तो खाली जायला बघत होता, आणि त्यांनी तो जाऊ दिला नाही.

“क्लाऽय,” त्या म्हणाल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा अगदी जसा हवा तसा.

“बरोबर,” फोन म्हणाली.

आणि बरोबर म्हटल्यावर तिला रडू आले. आवाज न करता, तोंड वाकडे करून, हार छातीशी गच्च धरून ती रडली. कळ्या दबल्या, वास उसळला. बाईंनी तिला समजावले नाही. त्या खडीवर बसून राहिल्या आणि पोर त्यांच्या खांद्यावर रडत राहिली, आणि आत एकामागून एक नावे पुकारली जात राहिली.

बऱ्याच वेळाने बाईंनी तिचे नाक आपल्या पदराने पुसले.

“याय कुठे आहे?”

फोनने हुंदका गिळला. शेताकडे बोट केले. मग आपोआप तिचा हात वर गेला आणि झपकन खाली आला.

“क्लाय.”

खरेच जवळ होती. रस्ता ओलांडून दुसऱ्या बांधाशी पाण्यात एक वाकलेली आकृती होती, डोक्यावर ताडपानांची टोपी, हातात रोपांची मूठ. बाईंनी साडी खोचली, चपला हातात घेतल्या. चिखलाने बुळबुळीत झालेल्या बांधावरून दोघी निघाल्या, पुढे फोन, मागे बाई, एकमेकींना धरत, घसरत, सावरत. पांढरा सदरा चिखलाने भरला. पायमोज्यांची तर गतच झाली.

यायने मान वर केली. नातीचे तोंड पाहिले, ख्रूचे तोंड पाहिले. जिची लेक दोन वर्षे समुद्रापलीकडे आहे, तिला काय विचारायचे असते? लेक येणार नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक असणार. नातीच्या आनंदाला नख लावायचे तिच्या जिवावर आले असेल, म्हणून मुकाट्याने शेतावर आली असेल.

फोन बांधावर गुडघे टेकून बसली. चेपलेला, ओला, अर्धा विसकटलेला हार तिने दोन्ही हातांनी पुढे केला, आणि पाण्यात उभ्या म्हातारीच्या पोटाशी डोके टेकले. यायचे हात चिखलाने माखले होते. ते तिने दोन्हीकडे हवेत उंच धरले, पोरीच्या कोऱ्या केसांना लागू नयेत म्हणून. थोडा वेळ तसेच धरले. मग तिला राहवले नाही. तिने ते दोन्ही काळेभोर, गळते, चिखलभरले हात नातीच्या डोक्यावर ठेवले आणि नाक खुपसून तिच्या केसांचा वास घेतला.

बाई दोन हात अंतरावर बांधावर बसल्या. त्यांचे गुडघे ठणकत होते, पाठ भरून आली होती, आणि आता त्यांना कुठे म्हणून जायचे नव्हते. पाय पाण्यात सोडले तर पाणी कोमट लागले. आभाळात पश्चिमेकडून पुन्हा नीलकृष्ण काहीतरी जमत होते. मंडपातले गाणे इथवर तुटक तुटक येत होते.

यायने विड्याने रंगलेले ओठ मनगटाने पुसले. नातीला कुशीत तसेच ठेवून तिने बाईंकडे पाहिले, वयाने वयाकडे पाहावे तसे.

“ख्रूंना लेकरं?”

“एक,” बाईंनी बोट दाखवले. “मुलगी.”

“क्लाऽय?” यायने विचारले.

समोर भाताची पाती होती, पातीमागे पाती, हिरव्यामागे हिरवे, कुठेही न चढता, कुठेही न उतरता, थेट आभाळाच्या कडेपर्यंत गेलेली. बाईंनी तिकडे पाहिले. हात उचलावा लागला नाही.

“क्लाऽय,” त्या म्हणाल्या.

यायने मान हलवली. फोननेही हलवली. सर आली, तिघींवर सारखी पडली, आणि या वेळी बाईंना कुणी दुरुस्त केले नाही.